कुणाला पिता येऊ नये म्हणून

विश्राम शेडगे मिलिटरीतून सुटून आला तो दोन गोष्टी घेऊन. एक गाडी चालवायचा पक्का हात, आणि दुसरी संध्याकाळी घोटभर घ्यायची सवय. पहिलीच्या जोरावर त्याला चंडीगडच्या एका सरकारी मोटारखान्यात ड्रायव्हरची नोकरी लागली. दुसरी त्याची बायको सुनंदा लग्नापासून निभावत आली होती. तो दंगा घालणाऱ्यातला नव्हता. घेऊन आला की मुकाट जेवायचा, मुलीशी, उल्काशी, दोन शब्द बोलायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. शेजारपाजारच्या बायका सुनंदाला नशीबवान म्हणायच्या. पण सुनंदाचा थोरला दीर असाच मुकाट पिणारा होता आणि खटाव तालुक्यातल्या त्यांच्या गावी एका हातभट्टीच्या दारूनं तो दोन दिवसांत गेला होता. जाताना त्याला दिसत नव्हतं. तो बायकोला नावानं हाका मारत होता आणि ती समोरच बसलेली होती. सुनंदानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे विश्रामला यायला जरा उशीर झाला की चंडीगडला लागून असलेल्या मनीमाजऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत ती दाराशी येऊन उभी राहायची.

बेहेऱ्यांकडचं स्वयंपाकाचं काम तिला विश्राममुळेच मिळालं. डॉक्टर नलिनी बेहेरे केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत केमिस्ट होत्या. डॉक्टर म्हणजे औषधाच्या नव्हेत, अभ्यासाच्या. त्यांचे यजमान श्रीनिवासराव हिशेब खात्यात होते. दोघं पुण्याची, बदलीवर आलेली, सेक्टर बावीसमध्ये राहायची. प्रयोगशाळेच्या कामासाठी मोटारखान्याची गाडी नलिनीबाईंच्या दिमतीला असायची आणि ती विश्राम चालवायचा. एकदा गाडीत बाईंनी सहज विचारलं की इकडे मराठी स्वयंपाक करणारं कुणी मिळेल का. विश्रामनं रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, माझी मंडळी करील. तेव्हापासून सुनंदा रोज सकाळी बस पकडून बावीस सेक्टरला जायची. दोन्ही वेळचं करून, दुपारी भांडी आवरून, उल्का शाळेतून यायच्या आत परतायची. सुट्टीच्या दिवशी बाई घरात असल्या की काम संपलं तरी तिचा पाय लवकर निघायचा नाही. बाईंशी मराठीत बोलता यायचं. घरात तर उल्कासुद्धा तिला हिंदीत उत्तरं द्यायला लागली होती.

ते वर्ष पेट्रोलच्या टंचाईचं होतं. पंपावर स्कूटरींची रांग पार चौकापर्यंत यायची. लोक रांगेत स्कूटर सोडून चहा पिऊन परत यायचे. अशा वेळी कुणीतरी वर ठरवलं की साखर कारखान्यांच्या मळीपासून जे अल्कोहोल निघतं, ते थोडं थोडं पेट्रोलमध्ये मिसळून पाहावं. चाचणीसाठी मोटारखान्यातल्या काही गाड्या निवडल्या. त्यावर देखरेख करायला एक समिती नेमली. त्या समितीत नलिनीबाई होत्या, मोटारखान्याचे सुपरिंटेंडंट भल्लासाहेब होते, आणि अबकारी खात्यातले ग्रेवाल नावाचे एक वयस्कर सरदारजी अध्यक्ष होते.

एका रविवारी बाई चहा घेऊन स्वयंपाकघरातच ओट्याला टेकून उभ्या होत्या. समितीच्या बैठकीत काहीतरी बिनसलं होतं आणि त्या ते श्रीनिवासरावांना बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या. कणीक मळता मळता सुनंदानं मध्येच विचारलं की बाई, इंजिनाला घालायचं तर त्यात काय काय कालवता कशाला?

बाईंनी तिला समजेल असं सांगितलं. इंजिनात घालायचं अल्कोहोल आणि बाटलीतून प्यायचं अल्कोहोल मुळात एकच. इंधनाला दारूचा कर नाही, म्हणून सरकारचा नियम असा की कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच ते पिण्यालायक राहू द्यायचं नाही. त्यात काहीतरी मिसळून बिघडवायचं. पण काय मिसळायचं यावर भांडण होतं. लाकडापासून पूर्वी काढायचे ते एक स्पिरिट असतं. त्याला धड वास नाही, धड चव नाही. इंजिनात ते स्वच्छ जळतं. पिणाऱ्याला मात्र काही कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे जातात, कधी जीव जातो. दुसरा प्रकार म्हणजे पिरिडिन आणि रबरापासून काढलेलं तेल. त्याची घाण अशी की घशाखाली उतरतच नाही. भल्लासाहेबांना पहिलं हवं होतं, कारण दुसऱ्यानं कार्बोरेटर चिकट होतो आणि ड्रायव्हर लोक वासाची तक्रार करतात.

"आन् चोरून कुणी प्यालं तर?" सुनंदानं विचारलं.

"मी तेच विचारलं. तर भल्लासाहेब म्हणतात, जो चोरेल तो भोगेल." बाईंनी कप ओट्यावर ठेवला. "मी म्हटलं, चोरीला फाशी कुठल्या कायद्यात आहे ते दाखवा. नियम करायचा तो कुणी पिऊ नये म्हणून. पिणारा मरावा म्हणून नाही."

सुनंदाची कणीक मळून झाली होती तरी ती मळत राहिली. तिनं बाईंना दिराचं कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्याचंही नाही. सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

बाईंनी हट्ट सोडला नाही आणि पुढचा माल आला तो घाण कालवलेला आला. पण पहिल्या खेपेची, लाकडाच्या स्पिरिटाची, काही पिंपं मोटारखान्याच्या शेडमध्ये अजून होती. ती आधी संपवा, असं भल्लासाहेबांचं म्हणणं. बाईंचं म्हणणं, ती जोवर आहेत तोवर त्यांतही घाण ओतली पाहिजे. बरीच लिखापढी झाली. शेवटी सप्टेंबरच्या अखेरीस एका दुपारी बाई ग्रेवालसाहेबांची परवानगी घेऊन स्वतःच शेडमध्ये गेल्या आणि प्रयोगशाळेतल्या दोन माणसांकडून उरलेल्या प्रत्येक जुन्या पिंपात त्यांनी समोर उभं राहून ती ओतवून घेतली. त्या दिवशी विश्राम भल्लासाहेबांना घेऊन अंबाल्याला गेला होता.

ओतताना कुठंतरी उडालं असावं. बाई घरी आल्या तेव्हा त्यांच्या साडीला असा वास येत होता की श्रीनिवासराव पेपर घेऊन बाल्कनीत गेले. सडकी मासळी आणि जळकं टायर एकत्र केल्यासारखा वास. सुनंदानं ती साडी सोड्यात भिजवली, रिठ्यात घासली, दोन दिवस उन्हात टाकली. वास तिच्या हातांना लागला, तो जाईना. घरी उल्का जवळ येईना. सुनंदा मनातल्या मनात बाईंना चार शब्द बोललीसुद्धा. एवढी शिकलेली बाई, आणि हे असलं काम कशाला करायचं.

गांधी जयंतीला सुट्टी होती. बाईंकडे दुपारी पाहुणे जेवायला होते म्हणून सुनंदा उल्काला शेजारी ठेवून कामाला आली होती. पुरणपोळ्या होऊन पाहुणे गेले होते. ती मागच्या दाराशी बसून जरा अंग सैल करत होती, तेवढ्यात फाटकाशी सायकल आपटली. करमसिंग होता, मोटारखान्यातला मेकॅनिक. पगडी अर्धी सुटलेली. तो पळत मागं आला आणि एवढंच म्हणाला, "भाभीजी, चलो. विश्राम को कुछ हो गया है."

सुनंदा उठली आणि उठल्या उठल्या तिला वास आला. करमसिंगच्या सदऱ्याच्या पुढच्या भागावर ओकारी सांडली होती. आठवडाभर तिच्या बोटांना चिकटून बसलेला तोच तो वास. कुणी काही सांगायच्या आत तिला सगळं कळलं. ती चौकटीला धरून ओरडली ते "बाई" म्हणूनच.

श्रीनिवासरावांनी स्कूटर काढली. बाई मागं बसल्या. सुनंदा करमसिंगच्या सायकलवर. मोटारखाना फार लांब नव्हता, पण सुनंदाला तो रस्ता संपता संपेना. दिराचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

शेडच्या दाराशी विश्राम भिंतीला टेकून बसला होता. घामानं भिजलेला, तोंडाला फेस, पण जागा होता. सुनंदाला बघून त्यानं मान खाली घातली. तिनं त्याच्यासमोर बसून त्याची हनुवटी वर केली. "माज्याकडं बघा. मी दिसते का? कुठल्या रंगाचं लुगडं नेसलेय सांगा."

"हिरवं," तो म्हणाला.

बाईंनी मात्र आधी पिंपाकडं पाहिलं. नळाखाली बाटली होती, जवळजवळ भरलेली. बाजूला लिंबू कापून ठेवलेलं. बाईंनी पिंपावरची पांढरी खूण बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला. जुन्या खेपेचं पिंप होतं. मग त्यांनी बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि श्वास सोडून श्रीनिवासरावांना म्हणाल्या की यात आपण ओतलेली घाण आहे. किती प्याला, असं त्यांनी विश्रामला विचारलं. दोन घोट, त्यानं सांगितलं. दुसरा आत जाता जाताच उलटला. मग सगळंच उलटलं.

झालं होतं ते असं. सुट्टीच्या दिवशी ड्यूटी त्याची, किल्ली त्याच्याकडे, आणि दारूची दुकानं सरकारी हुकमानं बंद. मोटारखान्यात प्रत्येकाला ठाऊक होतं की नवीन पिंपं घाणेरडी आणि जुनी साफ. आजवर कुणी हात लावला नव्हता, पण ठाऊक होतं. जुन्यांतही आता घाण ओतली आहे, हे मात्र विश्रामला कुणी सांगितलं नव्हतं. शेडमध्ये नवीन पिंपांमुळे मुळातच इतकी दुर्गंधी भरलेली असायची की बाटलीला वेगळा वास येतोय हे त्याच्या नाकाला उमगलंच नाही. त्यानं बाटली भरून घेतली, लिंबू पिळलं आणि एका दमात घ्यायला गेला.

श्रीनिवासराव स्कूटरवरून पुढे गेले आणि बाईंनी ड्यूटीची गाडी करमसिंगला चालवायला लावून विश्रामला पीजीआयच्या इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरला त्यांनी पिंपात काय काय होतं आणि किती प्रमाणात होतं, ते न अडखळता सांगितलं. ते ऐकून तो डॉक्टर चटकन कामाला लागला. हे पोटात गेलं कसं, असं त्यानं नंतर विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या की ते हाच सांगेल, तुम्ही आधी त्याला बघा.

त्याला ठेवून घेतलं. डोळे पुन्हा पुन्हा तपासले. सुनंदा कॉटच्या पायथ्याशी बसून होती आणि दर थोड्या वेळानं विचारत होती, मी दिसते का. शेवटी तो कंटाळून म्हणाला, दिसतेस गं, नाकातली चमकीसुद्धा दिसते. तेव्हा कुठं ती रडली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं घरी जायला सांगितलं. त्यानं तिला बाजूला घेऊन हिंदीत समजावलं की दोन घोटांवर भागलं म्हणून, ती बाटली पोटात गेली असती तर आपण आज वेगळंच बोलत असतो.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी सुनंदा बाईंकडे गेली ती स्वयंपाकघरात न जाता सरळ बाहेरच्या खोलीत गेली आणि बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. बाई अवघडल्या. त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि पायाबिया पडायचं काही कारण नाही, असं काहीतरी पुटपुटल्या. सुनंदाला पुष्कळ बोलायचं होतं. दिराचं सांगायचं होतं, साडी धुताना मनात काय काय आलं होतं तेही सांगायचं होतं. तोंडातून एवढंच आलं की बाई, आज काय करू, अळूची भाजी करू का? बाई म्हणाल्या, कर.

बाई मोटारखान्यात कुणाजवळ हे बोलल्या नाहीत. करमसिंगनं शेड धुऊन काढली. बाटली गेली. भल्लासाहेबांना विश्राम पोटदुखीनं रजेवर होता एवढंच कळलं. विश्राम कामावर जायला लागला. संध्याकाळी सरळ घरी यायचा. पिण्याचं नाव काढत नव्हता, पण ते भीतीनं की कायमचं, हे सुनंदाला अजून ठरवता येत नव्हतं.

नोव्हेंबर लागला, सकाळी धुकं पडू लागलं. एका संध्याकाळी बाई बैठकीहून आल्या आणि पर्स खुर्चीवर टाकून तशाच बसल्या. सुनंदाला त्या दिवशी परतायला उशीर झाला होता. ती पोळ्या लाटत होती आणि मधलं दार उघडं होतं. बाई श्रीनिवासरावांना सांगत होत्या की आपण हरणार. भल्लासाहेबांनी आज समितीपुढे गाडीचा कार्बोरेटरच आणून ठेवला होता, चिकटलेला, काळा. त्यांचा मुद्दा साधा होता. इतके महिने झाले, एकाही माणसानं पिंपाला हात लावलेला नाही. मग न घडणाऱ्या गोष्टीसाठी सरकारी इंजिनं का खराब करायची? वर शिफारस लाकडाच्या स्पिरिटाचीच जाऊ द्या. ग्रेवालसाहेबांनी बाईंना विचारलं की डॉक्टरसाहिबा, तुमच्याकडे एखादं उदाहरण आहे का.

"मग तू सांगितलंस?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"नाही."

"एका वाक्यात मिटलं असतं, नलिनी."

"त्या एका वाक्यात विश्रामचं नाव आहे. नोकरी जाईल त्याची. मी म्हटलं, माझ्याकडे उदाहरण नाही." बाई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात शेवटची बैठक. बघू."

तव्यावरची पोळी करपली. सुनंदानं ती काढून बाजूला ठेवली, दुसरी टाकली, ती नीट भाजली. डबा भरला, ओटा पुसला आणि पदरानं हात पुसत निघाली. बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली तरी ती उभीच राहिली.

घरी विश्राम उल्काचं दप्तर शिवत होता. सुनंदानं जेवणं होऊ दिली. उल्का झोपल्यावर तिनं जे ऐकलं ते जसंच्या तसं त्याला सांगितलं. वर एक शब्द घातला नाही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला की बाईंनी मला वाचवलं. होय, सुनंदा म्हणाली, दोनदा वाचवलं, एकदा जीव आणि एकदा नोकरी. आणि आता त्या तिकडं एकट्या पडल्यात.

"मी गेलो तर नोकरी जाईल."

"जाईल."

"मग खायचं काय?"

"मी पोळ्या लाटते. अजून दोन घरं बघीन." तिनं त्याच्याकडे न बघता सांगितलं. "अवो, थोरल्या दादांच्या वेळी असलं कुणी नव्हतं वो. कुणी त्यात घाण वतली असती तर ते आज बसलं असतं हितं. उद्या दुसऱ्या कुणाची तरी बायको..."

बैठकीच्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा तो आधीच उठलेला होता आणि शेजाऱ्याची इस्त्री मागून आणून वर्दीच्या बाह्या कडक करत होता.

पुढचं सुनंदानं पाहिलं नाही. तिला ते बाईंनी सांगितलं, नंतर थोडंथोडं विश्रामनं, आणि दोघांचं जमवून तिनं ते मनात लावून घेतलं. बैठक चालू असताना विश्रामनं दारावर टकटक केली. भल्लासाहेब म्हणाले की गाडी लागली तर बोलावू, आत्ता जा. तो आत येऊन सावधान उभा राहिला. बाईंनी मानेनंच नाही नाही केलं. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"साब, मैंने पिया है," तो म्हणाला.

कुणाला काही समजेना. मग त्यानं सगळं सांगितलं. किल्ली, सुट्टी, बाटली, लिंबू, दोन घोट, पीजीआय. यातलं डॉक्टरसाहिबांना काही ठाऊक नव्हतं, त्यांनी ओतलेल्या घाणीनं फक्त जीव वाचवला, असं तो म्हणाला, आणि त्यातलं पहिलं खरं नव्हतं.

भल्लासाहेब संतापले. सरकारी मालाची चोरी, ड्यूटीवर नशा, आत्ताच्या आत्ता सस्पेंड करतो, असं बरंच बोलले. ग्रेवालसाहेबांनी हात वर केला आणि विश्रामला विचारलं की पिंप कुठलं होतं, नवं की जुनं.

"जुनं, साब. जुनं साफ असतं हे आम्हाला माहीत होतं. त्यात घाण नसती तर मी बाटली संपवली असती."

विश्राम भल्लासाहेबांनाही नेत-आणत होता. अंबाल्याच्या रस्त्यावर त्यांच्या पत्नीला चक्कर आली तेव्हा यानंच गाडी वाऱ्यासारखी हाकली होती. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ तो परत लावला नाही. शिफारशीवर सही करताना ते एवढंच म्हणाले, की कार्बोरेटर धुता येतो.

शिफारस बाईंच्या म्हणण्याप्रमाणे गेली: लाकडाचं स्पिरिट नको, घशाखाली उतरणार नाही असंच मिसळावं. जुनी पिंपं कारखान्याकडे परत पाठवली. विश्राम काही महिने निलंबित राहिला. मग भल्लासाहेबांनी स्वतः लिहून त्याला परत घेतलं, पण गाडी काढून घेतली आणि टायरच्या गोदामावर लावलं. त्याला गाडीची फार सवय. पहिले काही दिवस तो घरी येऊन नुसता हात चोळत बसायचा. सुनंदानं त्या मधल्या काळात खरंच आणखी एक घर धरलं, एका विमानदलाच्या अधिकाऱ्याचं, आणि ते पुढंही सोडलं नाही. विश्राम पुन्हा प्यायला का? एकदा प्याला, निलंबनात असताना, एका लग्नात. घरी येऊन त्यानं स्वतःच सांगितलं. त्यानंतर नाही.

त्या अल्कोहोलच्या चाचणीचं म्हणाल तर पुढं पेट्रोल सुरळीत मिळू लागलं, पंपावरच्या रांगा ओसरल्या आणि चाचणी बंद पडली. दिल्लीहून समितीला दोन ओळींचं आभाराचं पत्र आलं. बाई हसून म्हणाल्या, सगळी उठाठेव फुकट गेली. सुनंदाला तसं वाटलं नाही. पण बाईंशी वाद काय घालायचा?

जानेवारीत, विश्राम निलंबित असतानाच, सुनंदानं संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. चंडीगडला आल्यापासून पहिल्यांदा. मनीमाजऱ्याच्या गल्लीतल्या पंजाबी बायकांना तिनं तिळगूळ वाटला. तो कसा घ्यायचा आणि घेताना काय म्हणायचं, ते उल्कानं त्यांना हिंदीतून समजावलं. बाईंना बोलवावं की नाही यावर तिनं चार दिवस घालवले. एका खोलीत, कॉटवर बसवायचं, त्यात विश्राम घरी बसलेला. शेवटी विश्रामच जाऊन सांगून आला.

बाई आल्या. श्रीनिवासरावांनी त्यांना गल्लीच्या तोंडाशी सोडलं. थंडी मी म्हणत होती, बाईंनी शालीत गुरफटून घेतलं होतं. सुनंदानं त्यांना हळदीकुंकू लावलं, ओटीत गहू आणि नारळ घातला, हातावर तिळगूळ ठेवला. बाकीच्या बायका गेल्या होत्या. बाई कॉटवर पाय वर घेऊन बसल्या, जशा आपल्या घरी बसायच्या.

तेव्हा सुनंदानं त्यांना दिराचं सांगितलं. त्यांना दिसत नव्हतं आणि ते हाका मारत होते, ते. साडी धुताना मनात बाईंना बोलले, तेही सांगितलं. बाई ऐकत होत्या. विश्राम दाराबाहेर उंबऱ्याशी बसला होता, त्यालाही ऐकू जात होतं.

"सुनंदा, आभार मानायचे तर मी मानायला हवेत," बाई हळूच म्हणाल्या. "मी त्या बैठकीत खोटं बोलून बसले होते. मला हरायचं नव्हतं, आणि याचं नावही घ्यायचं नव्हतं. तुम्ही दोघांनी मला त्यातून सोडवलंत."

कुणी आपले आभार मानावेत असं सुनंदाच्या आयुष्यात फारसं झालं नव्हतं. ती उठली, स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं. मग आठवून तिनं बाहेर विचारलं की अवो, दूध आणलं का? विश्राम उठला आणि किटली घेऊन कोपऱ्यावरच्या हलवायाकडे गेला. त्याच्या मागोमाग उल्का धावली. बाईंनी शाल काढून शेजारी ठेवली आणि म्हणाल्या की घाई नको करू, यांना मी तासाभरानं यायला सांगितलंय.